दहा हजारांतला एक आणि उरलेले आपण

दोस्तहो, आधी गुन्हा कबूल करतो. मी टाळ्या वाजवल्या.

रात्रपाळी होती. बोटीतनं स्टीलच्या कॉइली उतरवायच्या होत्या. विंच बिघडला आणि दोन तास काम ठप्प. शेडच्या मागं गोणपाट टाकून आम्ही सात-आठ जण पडलो होतो. टोळीतल्या एका पोरानं मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि पिच्चर लावला. 'जँगो अनचेन्ड'. दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो, साल २०१२. पिच्चर इंग्रजी. टोळीत मीच काय तो मॅट्रिक पास, म्हणून संवाद समजावून सांगायची ड्यूटी माझ्याकडं. मला निम्मं कळत होतं, निम्मं मी पदरचं घालत होतो. जँगोच्या इंग्रजी नावात पुढं एक 'डी' आहे, पण तो उच्चारायचा नाही, असं तो स्वतःच एकाला पडद्यावर सुनावतो. आपल्या लिपीत ती भानगडच नाही.

गोष्ट १८५८ सालची. अमेरिकेचा दक्षिण भाग, कापसाची शेतं. जँगो हा गुलाम. त्याला आणि त्याच्या बायकोला मालकानं वेगवेगळं विकून टाकलेलं. एक जर्मन दातांचा डॉक्टर, आता सरकारी इनामासाठी फरारी गुन्हेगार मारत फिरणारा, जँगोला ताब्यात घेतो. कारण त्याला तीन भावांना मारायचंय आणि त्यांची थोबाडं जँगोनं पाहिलीत. या भावांनीच जँगोच्या बायकोची पाठ फोडलेली. मग एका मळ्यावर ते सापडतात. एक जण अंडी फुटली म्हणून एका पोरीला झाडाला बांधून चाबूक उगारतोय. जँगो त्याच्या छातीत गोळी घालतो. दुसऱ्याला तो त्याच चाबकानं फोडून काढतो, आजूबाजूचे गुलाम आ वासून बघताहेत, आणि मग पिस्तूल रिकामं करतो. तिसरा घोड्यावरनं पळतो, त्याला लांबनं डॉक्टर टिपतो आणि त्याचं रक्त पांढऱ्या कापसाच्या बोंडांवर उडतं.

तिथं मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. एकानं शिट्टी मारली. वॉचमन धावत आला.

सकाळी पाळी सुटली. हजेरी मांडताना मुकादमानं माझे चार तासांचे जादा पैसे खाल्ले. मी विचारलं. तर वहीतनं मान वर न करता म्हणतो, "कोट्यातनं आलायस का इथं, हिशेब मागायला?" मागं टोळी उभी. रात्री शिट्टी मारणारा उभा. मी उभा. कुणाचा हात कमरेला गेला नाही. गेला असता तरी तिथं तंबाखूची पुडी होती. मी सही केली आणि घरी येऊन झोपलो.

मला त्या पिच्चरचा राग आला तो झोपेतनं उठल्यावर. त्याचाच हा हिशेब.

आधी एक सोवळा पक्ष बाजूला काढून ठेवतो. शनिवार-रविवारी फिल्म क्लबात जाणारे आपले पांढरपेशे मित्र नाक मुरडतात. फार हिंसा आहे म्हणे. रक्त फार उडतं. च्यायला, रक्त उडतं म्हणून यांना वांती येते आणि शंभरावर वेळा पडद्यावर ती काळ्यांना द्यायची शिवी पडते, कुत्रे सोडून एका पळून गेलेल्या गुलामाला फाडून खाल्लं जातं, ते मात्र 'कथेची गरज'. सूड हा शब्द आपल्या तोंडात आला की यांना एकदम गौतम बुद्ध आठवतो. एरवी वर्षभर आठवत नाही. रक्ताबद्दल माझी तक्रार नाही. हा टॅरंटिनो तरुणपणी व्हिडिओच्या दुकानात कामाला होता, जगभरचे मारधाडीचे पिच्चर बघून तयार झालेला गडी. इटलीत सर्जिओ कॉर्बुचीनं १९६६ साली 'जँगो' काढला होता, त्यातनं यानं नाव उचललं, गाणं उचललं, त्यातला हिरो फ्रँको नीरो यालाही दोन मिनिटं आणून बसवला. कॅमेरा एकदम तोंडावर धावून येतो, अठराव्या शतकाच्या शेपटासारखे कपडे, एकोणिसाव्या शतकातल्या गोळीबारावर आजच्या काळ्या पोरांचं रॅप. झकास आहे. उगाच खोटं बोलणार नाही. काम येणाऱ्या माणसाचं काम आहे ते. याआधी २००९ मध्ये त्यानं हिटलरला थेटरात गोळ्या घालून जाळलाय. इतिहासात जे झालं नाही ते पडद्यावर करून दाखवायचं, हा त्याचा धंदा. त्याला त्यासाठी ऑस्करही मिळालं, पटकथेचं. आणि जर्मन डॉक्टर झालेल्या ख्रिस्तोफ वॉल्ट्झला सहायक नटाचं.

स्पाइक ली, काळा दिग्दर्शक, म्हणाला मी हा पिच्चर बघणारच नाही, माझ्या पूर्वजांचा हा अपमान आहे, गुलामी म्हणजे काय सर्जिओ लिओनचा काऊबॉय-पिच्चर नव्हता. त्याचा संताप मला समजतो. पण न बघता कसं भांडायचं? शत्रूचं पुस्तक वाचूनच बाबासाहेबांनी जाळलं. मी दोनदा बघितला. दुसऱ्यांदा एकट्यानं, डिक्शनरी घेऊन.

आणि दुसऱ्यांदा मला ती कवटी नीट दिसली.

मिसिसिपीत कँडीलँड नावाचा मळा. मालक कॅल्विन कँडी, म्हणजे लिओनार्डो डिकॅप्रिओ. जँगोची बायको याच्याकडं गुलाम आहे. जेवणाच्या टेबलावर कँडी एका पेटीतनं कवटी काढतो. ही म्हाताऱ्या बेनची. या बेननं कँडीच्या बापाची पन्नास वर्षं दाढी केली, उघड्या वस्तऱ्यानं. कँडी विचारतो, मी बेन असतो तर केव्हाच म्हाताऱ्याचा गळा चिरला असता. यानं का नाही चिरला? चहूबाजूंनी आम्ही काळ्यांनी वेढलेले, हे आम्हाला मारून का टाकत नाहीत? मग करवत घेऊन कवटी कापतो, आतले तीन खळगे दाखवतो आणि सांगतो, बघा, ताबेदारीची जागा इथं आहे, काळ्याच्या हाडातच ती जन्मानं आहे. दहा हजारांत एखादाच काळा वेगळा निपजतो.

पोरांनो, हे ऐकलंय ना कुठं तरी? तिकडं कवटी, इकडं पाय. त्यांनी करवत तरी वापरली. आपल्याकडं नुसतं एक सूक्त पुरलं.

आता मजा बघा. शेवटी सगळे मेल्यावर जँगो, भारी कपडे घालून, मळ्याच्या हवेलीत उभा राहतो आणि म्हणतो, कँडी सगळं खोटं बोलला पण एक गोष्ट खरी बोलला. तो दहा हजारांतला एक मीच.

म्हंजे काय झालं? ज्याला मारायला तीन तास घालवले त्याचीच थिअरी हिरोनं मान्य केली. एक असामान्य निघाला, उरलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव कवटीतल्या खळग्यासकट जन्मलेले. आणि मी टाळ्या कुठल्या बाजूनं वाजवत होतो? मी स्वतःला जँगो समजत होतो. मोबाइलसमोर बसलेला प्रत्येक जण स्वतःला जँगो समजत होता. सात-आठ जँगो. सकाळी मुकादमासमोर एकही नाही. असंच असतं. प्रत्येक जण दहा हजारांतला एक व्हायची वाट बघतो, आणि शेजारी उभा असलेला त्याला नऊ हजारांतला वाटतो. माझ्या मागं उभी टोळी मला दिसलीच नाही. मला मुकादम आणि मी एवढंच दिसत होतं. एवढं कौतुक करतो आपण त्या दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्याचं, पण तो कॅमेरा माझ्या डोळ्यात बसलेला हे लक्षात नाही आलं.

अजून एक. कँडीला कोण मारतं? जँगो नाही. गोरा डॉक्टर मारतो. सौदा झालाय, कागद झालेत, कँडी म्हणतो हात मिळव, डॉक्टरला किळस येते आणि तो बाहीतलं छोटं पिस्तूल काढून त्याला उडवतो. म्हंजे मालकाला मारायचा मानही गोऱ्याचाच. बाबा तूच सोडवलंस, तूच बंदूक शिकवलीस, तूच मालक मारलास. आणि हा डॉक्टर सुरुवातीला काय म्हणतो? मला गुलामी आवडत नाही, पण सध्या तुझ्या गुलामीचा मला उपयोग आहे, काम झालं की सोडतो, पंच्याहत्तर डॉलर देतो. मला थोडं वाईट वाटतंय, असंही म्हणतो. असे डॉक्टर आपल्याकडं चिक्कार. आपल्या परिषदांना अध्यक्ष म्हणून बोलवतो आपण त्यांना.

मग जँगोच्या वाट्याला शेवटचा, सगळ्यात सावकाश, चवीनं घेतलेला सूड कुणावरचा ठेवलाय? स्टीफनवरचा. स्टीफन काळा आहे. कँडीच्या घरातला म्हातारा कारभारी, सॅम्युअल जॅक्सननं केलाय आणि भयानक केलाय. मालकापुढं लंगडतो, एकांतात सरळ चालतो. जँगोचा डाव यानंच ओळखला. त्याचे दोन्ही गुडघे गोळीनं फोडून, त्याला हवेलीत तडफडत टाकून जँगो डायनामाइट लावतो. स्टीफन मलाही माहीत आहे. आमचा मुकादम स्टीफन आहे. आडनाव सांगत नाही, पण माझ्या आडनावापासनं फार लांब नाही ते. त्याचे गुडघे फुटावेत असं मला कैकदा वाटलंय. पण त्याच्या वहीवर शेवटची सही कुणाची असते? कंत्राटदाराची. त्याला मी दोन वर्षांत एकदाच पाहिला, गाडीच्या काचेतनं. पिच्चर मला सांगतो, काच सोड, स्टीफन पकड. कंत्राटदाराला हा पिच्चर फार आवडेल.

आणि बायको? ब्रूमहिल्डा. केरी वॉशिंग्टन. उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत तिला नागडी कोंडलेली, ते बघवत नाही. पण अख्ख्या पिच्चरभर ती सोडवली जाते, एवढंच काम. हवेली उडताना कानात बोटं घालते आणि टाळ्या पिटते. आमच्यासारख्याच. त्याच काळातली, त्याच देशातली हॅरिएट टबमन स्वतः पळाली आणि पुन्हा पुन्हा मागं जाऊन सुमारे सत्तर माणसं काढून आणली. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनात कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात ती वाट दाखवत पुढं होती, एका रात्रीत सातशेच्या वर माणसं सुटली. हे काही गुपित नाही. पण हिच्यात हिरोला घोड्यावरनं येऊन सोडवायला काही उरत नाही.

कँडीचा प्रश्न होता, मारून का टाकत नाहीत. उत्तर कवटीत नव्हतं, व्हर्जिनियात होतं. ऑगस्ट १८३१, नॅट टर्नर नावाच्या गुलामानं बंड केलं. सोबत आणखी माणसं मिळत गेली. पन्नासच्या वर गोरे मारले. दोन दिवसांत बंड मोडलं. नोव्हेंबरात टर्नरला फाशी, आणि त्याआधीच बंडाशी संबंध नसलेली कितीतरी काळी माणसं गोऱ्या टोळ्यांनी रस्त्यात धरून मारली. काळ्यांच्या शिकण्यावर, जमण्यावर बंधनं आणखी कडक झाली. त्याआधी १८२२ मध्ये चार्ल्सटनला डेन्मार्क व्हेसीचा कट फुटला, ३५ जण फासावर गेले, बंड सुरू व्हायच्या आधीच. म्हाताऱ्या बेनच्या हातात वस्तरा होता हे कँडीला दिसतं. वस्तरा चालल्यावर बेनच्या झोपडीच्या रांगेत काय होईल, हे बेनला दिसत होतं. आणि जिथं जमलं तिथं मारलंही. हैतीत १७९१ ला गुलाम उठले, नेपोलियनच्या फौजेला पुरून उरले आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतःचा देश घोषित केला. तिथं दहा हजारांत एक नव्हता. दहा हजारांतले दहा हजार होते.

आता आपल्या धंद्यातल्या माणसाची गोष्ट. माझं खरं भांडण इथं आहे.

रॉबर्ट स्मॉल्स. चार्ल्सटनच्या गोदीत हमाली केलेला गुलाम. जहाजाचे दोर बांधायचा, शिडं शिवायचा, मग सुकाणू धरायला शिकला. मजुरी मालक खायचा. १८६२ साली हा तेवीस वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. युद्ध सुरू होतं आणि दक्षिणेच्या फौजेचं 'प्लँटर' नावाचं जहाज तो चालवायचा, वरती तोफा लादलेलं. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. स्मॉल्सनं आणि खलाशांनी जहाज सोडलं. दुसऱ्या धक्क्यावर बायकापोरं दबा धरून होती, त्यांना घेतलं. सगळी मिळून १६ माणसं. स्मॉल्सनं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, कप्तानासारखा उभा राहिला आणि एकेका किल्ल्यासमोरनं जाताना ठरलेली शिट्टी बरोबर वाजवत गेला. समटर किल्ल्यानंही जाऊ दिलं. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली आणि जहाज उत्तरेच्या आरमाराला नेऊन दिलं. एक गोळी झाडली नाही. पुढं हाच माणूस निवडून अमेरिकेच्या संसदेत बसला, आणि ज्या घरात त्याची आई गुलाम होती ते मालकाचं घर विकत घेऊन राहिला.

हे वाचताना माझ्या अंगावर जो काटा आला तो चाबकाच्या सीनला नव्हता आला. कारण जहाज एकट्यानं हलत नाही. आपण गोदीवाले आहोत, आपल्याला शिकवू नका. दोर सोडायला माणूस लागतो, बॉयलरला लागतो, सुकाणूला लागतो. एकाचंही तोंड उघडलं असतं तर सोळाच्या सोळा खलास. पकडले गेलो तर तोफांसकट जहाज बुडवायचं, असं ठरवून निघाले होते ते.

डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांनी १९३५ च्या पुस्तकात मांडलं की त्या युद्धात लाखो गुलाम मळे सोडून निघाले, हा सार्वत्रिक संप होता. संप! हा शब्द वाचून मी बिडी पेटवली. कापूस सडला, दक्षिणेचं कंबरडं मोडलं. सुमारे १,८०,००० काळे उत्तरेच्या फौजेत भरती झाले. दक्षिणेचा कापूस अडला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडं तोंड वळवलं आणि आपले शेटिये गब्बर झाले, १८६५ ला युद्ध संपलं तसे आपटले. ज्या किनाऱ्यावर मी कॉइल उतरवतो तिथल्या पैशाची नाळ त्या बोंडांपर्यंत जाते. ती नाळ धरून माणसंही एकमेकांना ओळखत होती. जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १९४६ ला बाबासाहेबांनी याच द्युबॉइसना पत्र लिहिलं. १९७२ ला मुंबईतल्या पोरांनी ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरनं आपलं नाव घेतलं. पँथर नाव घेतलं, ते काही एका घोडेस्वाराचं नव्हतं.

आपल्याकडंही एक गोदीवाला हिरो झाला, 'दीवार'मधला विजय, १९७५. बिल्ला नंबर ७८६. हप्ता द्यायला नकार देतो, गुंडांना वखारीत कोंडून हाणतो. आमच्या शेडमध्ये आजही म्हातारे सांगतात. पण हाणल्यावर विजय काय करतो? गोदी सोडतो, स्मगलरकडं जातो, कोट घालतो. हमाल तिथंच.

असो. आजा काय म्हणाला ते सांगतो, कारण त्याच्याकडनं मी मार खाल्ला.

आजा आमच्याच खोलीत असतो, ऐंशी पार. लहानपणी मी त्याला एकदा चिडून विचारलं होतं, पाटलाच्या वाड्यावर जन्म घालवलास, एकदाही कुऱ्हाड का नाही घातलीस? कँडीचाच प्रश्न, नातवाच्या तोंडातनं. तेव्हा तो गप्प बसला. आता रविवारी त्याला मी जँगो दाखवला. डोळे बारीक करून बघत होता. शेवटाकडं एक प्रसंग आहे. जँगोला खाणीत विकलंय, तिकडं नेताहेत, सोबत पिंजऱ्याच्या गाडीत आणखी तीन काळे. जँगो बोलून बोलून रखवालदारांना गुंडाळतो, मारतो, घोड्यावर टांग टाकतो आणि जातो. ते तिघं पिंजऱ्यातनं बघत राहतात. त्यातला एक हसतो.

पिच्चर संपला. आजा म्हणाला, "आरं, त्या पिंजऱ्यातल्या तिघांचं म्होरं काय झालं?"

मी म्हटलं, ते दाखवलं नाही.

"मग आर्धाच हाय पिच्चर," म्हणाला. मग पहिल्यांदा सांगितलं. १९५६ नंतरची गोष्ट. धर्म घेतला. वाड्यातल्या म्हाताऱ्यांची बैठक झाली, मेलेलं ढोर ओढायचं नाही. पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं, कुणी गेलं नाही. आजा पंधरा-सोळा वर्षांचा. बैल तिथंच फुगला. सगळ्या गावात वास. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, शेतावर कुणी बोलवीना. एक घर फुटायला आलं, पोरं उपाशी होती. तर उरलेल्या घरांनी आपल्यातली भाकर त्या घरात नेऊन दिली, रोज, की फुटू नये. दोन महिने. "एकट्यानं कुराड घातली आस्ती," आजा म्हणाला, "तर मला फाशी आन् वस्तीला आग. बैल मातुर सगळ्यांनी सोडला. सगळ्यांस्नी कशी आग लावणार?" शेवटी पाटलानं स्वतःच्या गड्यांकडनं बैल ओढवला.

कँडी, ही घे कवटी.

आमच्या वस्तीतली पोरं मोबाइलवर जँगोचा फोटो लावतात. लावा. तिकडं पिच्चर आल्यावर जँगोच्या, स्टीफनच्या, ब्रूमहिल्डाच्या बाहुल्या दुकानात विकायला आल्या होत्या, काळ्यांच्या संघटनांनी बोंब मारली तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये बंद केल्या. गुलामाची बाहुली! गुलाम पुन्हा विकला. पिच्चरनं जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या वर धंदा केला. सुडाचा बाजार तेजीत आहे दोस्तहो, आणि त्यात आपण गिऱ्हाईक आहोत. 'फँड्री'त शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. तेव्हा थेटरात टाळ्या कमी वाजल्या होत्या, आठवतंय का?

मी जादा मजुरीचा कागद केलाय. सहा महिन्यांच्या पाळ्या, तारखा, तास, कुणाचे किती खाल्ले. टोळीत आम्ही चौदा जण. गेटपास रद्द होईल अशी धमकी आलीच आहे. शिट्टी मारणाऱ्या पोरानं पहिली सही केली. एकाची बायको बाळंतीण आहे, तो म्हणाला मला वगळ. त्याच्या घरी काल आम्ही तिघं जाऊन आलो, तांदूळ घेऊन. नऊ सह्या झाल्यात. पाच बाकी आहेत.